केसतोडीवर मेडिकलची ट्यूब नको, त्वचेच्या डॉक्टरची चिठ्ठी हवी



दाढी केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली आणि गळ्यावर लाल पुळ्या उठतात. त्या खाजतात, काहींत पू धरतो, आणि बसल्यावर मागे काळा डाग उरतो. बायकांना हेच काखेत, पायांवर, जांघेत होते. आपल्याकडे कोणी याला केसतोड म्हणते, कोणी उष्णता म्हणते, तर कोणी "रक्त खराब झालंय" असे सांगून मोकळे होते. टीबी, सिकलसेल, मधुमेह असे विषय असताना पुळ्यांसाठी आरोग्याचे पान कशाला, असे काही वाचकांना वाटेल. या पुळ्यांनी कोणी दगावत नाही हे खरेच आहे. पण त्यांच्यावर वस्त्यावस्त्यांत जे इलाज चालू आहेत, त्यांनी चांगले चेहरे बिघडत आहेत, कष्टाचा पैसा जातो आहे, आणि एखाद्याच्या नोकरीवरही गदा येते आहे. म्हणून हा लेख.

आधी होते काय ते समजून घेऊ. रक्ताचा यात काही संबंध नाही. केस कुरळा असेल आणि तो अगदी कातडीलगत कापला, तर त्याचे टोक तिरके, सुईसारखे होते. वाढताना तो बाहेर येतो, वळतो आणि शेजारच्याच कातडीत पुन्हा घुसतो. दुसरा प्रकार असा की कातडी ताणून किंवा उलट्या दिशेने वस्तरा फिरवला, तर केस ओढला जाऊन कातडीच्या पातळीखाली कापला जातो. कातडी सैल सोडली की ते टोक आत जाते आणि बाहेर पडण्याआधीच बाजूची भिंत फोडते. शरीराला मग स्वतःचाच केस परका वाटतो. पायात काटा मोडल्यावर भोवती जसे सुजते, तसेच इथे सुजते. जंतू बहुतेक वेळा नंतर येतात, आपण नखाने खाजवून त्यांना वाट करून दिल्यावर. आपल्या सावळ्या कातडीवर सूज उतरल्यावरही डाग महिनोन् महिने राहतो, त्यामुळे माणसाला वाटते की रोग अजून गेलेला नाही. तो आणखी घासतो, आणखी काहीतरी लावतो, आणि डाग गडद होतो.

कारण कळले की इलाजही कळतो, आणि पहिला इलाज फुकट आहे. तीन-चार आठवडे दाढी करायची नाही. केस साधारण एक सेंटिमीटर वाढला की त्याच्या स्वतःच्याच ताणाने बहुतेक वेळा अडकलेले टोक बाहेर सुटते. सुरुवातीचे काही दिवस पुळ्या वाढल्यासारख्या वाटतील, तेव्हा घाबरून वस्तरा हातात घेऊ नये. दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ फडके सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, मऊ कापडाने हलके गोल चोळावे. केसाचा फास कातडीवर स्पष्ट दिसत असेल, तर तो निर्जंतुक सुईने अलगद उचलून सोडावा. मुळापासून उपटू नये, उपटला तर नवा केस पुन्हा आतच अडकण्याची शक्यता असते. आणि दिसत नसलेला केस शोधण्यासाठी पुळी उकरू नये. चुना-गूळ, टूथपेस्ट आणि विशेषतः बिब्बा, हे तर अजिबात नको. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि ती खूण पुळीपेक्षा जास्त दिवस टिकते.

पुढे दाढी करायचीच असेल तर पद्धत बदलावी. अंघोळीनंतर केस मऊ असतात, तेव्हा भरपूर फेस लावून, केस ज्या दिशेला झुकले आहेत त्याच दिशेने, कातडी न ताणता, एकदाच पाते फिरवावे. जाहिरातीतले चार-पाच पात्यांचे महागडे रेझर ज्याला केसतोड होते त्याने टाळावेत. त्यात पहिले पाते केस उचलते आणि पुढचे त्याला आणखी खाली कापते. जाहिरात ज्या गुळगुळीतपणाची फुशारकी मारते, तोच इथे रोगाचे कारण आहे. सर्वात चांगले म्हणजे मिलिमीटरभर खुंट ठेवणारा ट्रिमर. हजार रुपयांच्या आत मिळतो आणि वर्षानुवर्षे चालतो.

सलूनमध्ये गेल्यावर "उलटा हात मारू का?" असे विचारले तर नको म्हणावे. पाते आपल्यासमोर नवीन घालायला सांगावे. यात संकोच नको, कारण जुन्या पात्यातून कावीळ बी आणि सी यांसारखे आजारही येऊ शकतात. कारागीराचा यात अपमान नाही, त्याच्याही आरोग्याचा हा प्रश्न आहे. गिऱ्हाइकांचे बारीक कापलेले केस सलूनवाल्यांच्या बोटांच्या बेचक्यात रुततात आणि तिथे वाहती जखम होते, हा वैद्यकात नोंदवलेला आजार आहे.

विहारातही एक गोष्ट पाहावी लागेल. श्रामणेर शिबिरात पंचवीस-तीस मुलांचे मुंडण एका सकाळी उरकले जाते. घाईत एकच वस्तरा, एकच पाते तीन-चार डोक्यांवरून फिरते. कुरळ्या केसांच्या मुलांच्या मानेवर मागे त्यानंतर पुळ्या येतात, आणि काहींच्या तिथे पुढे कडक गाठी होतात. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर वस्तराही आहे, म्हणजे ज्याचा त्याचा वस्तरा वेगळा, ही परंपरा आपल्याकडे मूळचीच आहे. शिबिराच्या खर्चात प्रत्येकी एक नवे पाते धरले तर किती रुपये वाढतील, ते आयोजकांनीच पाहावे. मानेवर पुळ्या येणाऱ्या मुलाचे मुंडण मशीनने करावे. त्याने शीलात काही उणे येत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वस्तीत केसतोडीचा खरा डॉक्टर कोण आहे? मेडिकलच्या काउंटरवरचा पोरगा. त्याला गळा दाखवला की तो न विचारता एक ट्यूब पुढे करतो. "ही लाव भाऊ, दोन दिवसांत साफ." आणि दोन दिवसांत खरेच साफ होते, हीच तर फसगत आहे. त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधांची खिचडी असते: एक बुरशीचे, एक जंतूंचे, आणि तिसरे जोरकस स्टिरॉइड. सूज बसते ती स्टिरॉइडमुळे. केस आत आहे तिथेच राहतो. ट्यूब बंद केली की पुळ्या दुपटीने येतात, म्हणून माणूस पुन्हा लावतो. काही महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेले की चेहरा पेटतो. पुळी गजकर्णाची असली तर ते आतल्या आत पसरत जाते. आणि बायकांनी हे नीट वाचावे: अशी मलमे चेहऱ्यावर फार दिवस लावली की तिथे लव वाढते. म्हणजे ती काढायला थ्रेडिंग, त्यातून पुन्हा केसतोड, आणि त्यावर पुन्हा तीच ट्यूब.

हे मी पदरचे सांगत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइड असलेली चौदा मलमे अनुसूची 'एच'मध्ये टाकली. याचा अर्थ ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आहे, काउंटरवर तो दिसत नाही. निदान आपण ट्यूब उलटी करून वाचू शकतो. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि आपल्या हातात चिठ्ठी नसेल, तर ती ट्यूब परत करावी. घरातल्या आठवी-नववीच्या मुलीला हे वाचायला लावावे, तिला ते आपल्यापेक्षा लवकर जमते. आणि महिनोन् महिने लावत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरला दाखवावे.

डॉक्टर म्हणजे कोणता? कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन तीच ट्यूब लिहून आणायची असेल तर उपयोग नाही. त्वचेचा डॉक्टर आपल्याला परवडत नाही हा समज चुकीचा आहे. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, मराठवाड्यासाठी घाटी, या सगळ्या ठिकाणी त्वचेचा स्वतंत्र विभाग आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिका आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात. वेळ मात्र जातो, अर्धा दिवस धरूनच जावे, आणि त्या दिवशीचा रोज बुडतो हेही मी जाणतो. तरी महिनोन् महिने ट्यूब आणि क्रीम घेत राहण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पैशापेक्षा मोठी अडचण दाराच्या पाटीची आहे. पाटीवर लिहिलेले असते 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. आमच्या ओळखीतल्या कितीतरी ताया ती पाटी पाहून परत फिरल्या. त्या रांगेत शेजारच्या गल्लीतले कोणी दिसले तर काय म्हणेल, ही भीती. जांघेतली पुळी असेल तर पुरुषही याच कारणाने जात नाहीत आणि ती मग गळवावर जाते. ती पाटी एका विभागाचे नाव सांगते, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे चारित्र्य सांगत नाही. महिला मंडळाने ठरवून चार जणींनी मिळून जावे. एकीला पुळी, दुसरीला खाज, तिसरीला वांग. कोण कशासाठी आली हे विचारायची कोणाची हिंमत होणार नाही.

तिथे काय मिळते? पुळ्या आणि पू यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा क्लिंडामायसिन, केसाचे तोंड मोकळे राहावे म्हणून रात्री लावायचे अॅडापालीनसारखे मलम. गरोदर बाईने, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तिने, हे आधी सांगायचे, कारण अशी मलमे तेव्हा चालत नाहीत. कधी डॉक्टर सौम्य स्टिरॉइडही देतात, पण मोजक्या दिवसांसाठी. काखेत किंवा जांघेत तीच गळवे पुन्हा पुन्हा येऊन वाहत असतील तर तो कदाचित वेगळाच आजार असतो आणि त्याचे औषध वेगळे असते. वारंवार पू होणाऱ्याने साखर तपासून घ्यावी. हनुवटीवर जाड केस आणि पाळी अनियमित, असे असेल तर त्या मुलीला थ्रेडिंगवालीची नव्हे, तपासणीची गरज आहे. ताप आला, लाली पसरत चालली, किंवा नाका-ओठांजवळची पुळी सुजून डोळ्याकडे सूज चढली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

लेझरबद्दल मुली विचारतात. केस आत वाढण्याचा त्रास लेझरने खरोखर कमी होतो, पण अनेक बैठका लागतात, आणि सावळ्या कातडीला सगळी यंत्रे चालत नाहीत. आपल्यासारख्या वर्णासाठी लांब लहरींचे 'एनडी याग' लेझर जास्त सुरक्षित मानले जाते. पार्लरमध्ये दिवाळी ऑफरमध्ये जे यंत्र फिरवतात ते कोणते, चालवणारी कोण शिकलेली, हे विचारले तर उत्तर मिळत नाही. लग्नाच्या आधी भाजलेले पट्टे घेऊन आलेल्या मुली पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे: लेझर करायचे तर त्वचेच्या डॉक्टरकडेच, नाहीतर ते पैसे शिकण्यावर खर्च करावेत.

बाळंतपणासाठी जाताना घरीच वस्तऱ्याने केस काढून जाण्याची सक्तीही आता सोडावी. जागतिक आरोग्य संघटना नेहमीच्या बाळंतपणात ती गरजेची मानत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीही केस काढायचेच असतील तर वस्तऱ्याऐवजी क्लिपर वापरावा, असे तिने २०१६ मध्ये सांगितले आहे. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात आणि त्यांतून जंतू शिरतात.

राहिला नोकरीचा प्रश्न. आपली कितीतरी मुले सिक्युरिटीत, हॉटेलात, मॉलमध्ये आहेत. रोज गुळगुळीत दाढी हा तिथला नियम, नाहीतर दंड किंवा खाडा. ज्याला केसतोड आहे त्याच्यासाठी हा नियम म्हणजे रोज तीच जखम उघडणे. अमेरिकेत कुरळ्या केसांमुळे काळ्या पुरुषांना हा त्रास फार होतो. तिथे पिझ्झा पोहोचवणाऱ्या एका कंपनीने दाढीवरून काळ्या कामगाराला काढले. ते प्रकरण अपील न्यायालयात गेले, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितले की ज्यांना वैद्यकीय कारणाने दाढी करता येत नाही त्यांच्यासाठी अपवाद ठेवावा लागेल. आपल्याकडे त्यासाठी कोर्टात जायची वेळ येण्याआधी एक कागद मिळवता येतो. ओपीडीत डॉक्टरला आपली नोकरी कोणती ते सांगावे, आणि रुग्णालयाच्या शिक्क्यासह लिहून मागावे की या रुग्णाला दाढी वस्तऱ्याने करता येत नाही, ट्रिमरने कापून एक मिलिमीटर ठेवण्यास हरकत नसावी. मुदत किती महिन्यांची तेही लिहून घ्यावे. मूळ कागद स्वतःकडे ठेवून सुपरवायझरला झेरॉक्स द्यावी, आणि दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही घ्यावी.