आजोबांच्या पेटीत जुनं रिव्हॉल्व्हर सापडलं? पॉलिश पेपर ठेवा बाजूला, आधी नंबर जपा

मागच्या दिवाळीत, ऐन साफसफाईच्या दिवसांत, व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेलं, गंजून तांबूस झालेलं रिव्हॉल्व्हर. शेजारी फाटक्या पुठ्ठ्याचं लायसन्सचं पुस्तक. पाठवणारे माझ्या वडिलांच्या ओळखीतले काका, वर्धा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावचे. त्यांचे आजोबा मालगुजार. घर पाडायला काढलं आणि माळ्यावरच्या पेटीतून हे निघालं. फोटोखाली मेसेज होता, ‘तू इंजिनिअर ना बाबू? याले चमकवाचं कसं, सांग. फ्रेम करून बैठकीत लावतो म्हणतो.’

मेकॅनिकलची डिग्री घेऊन बातम्या लिहिणाऱ्या माणसाला असे प्रश्न नवे नाहीत. पण या प्रश्नाचं उत्तर ‘चमकवू नका’ एवढंच नव्हतं. ते रिव्हॉल्व्हर घरात असणं हाच पहिला प्रश्न होता.

‘जुनं आहे, चालत नाही’ म्हणजे लायसन्स नको?

बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ मध्ये सवलत आहे, हे खरं. कालबाह्य बनावटीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकळीस आलेलं हत्यार कायद्याच्या कक्षेतून वगळलं आहे. पण अट अशी, की ते बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. दुरुस्ती न करता नाहीच, दुरुस्ती करूनही नाही.

ही अट नीट वाचा. घोडा अडकला, स्प्रिंग तुटली, नळीत गंज चढला म्हणून सवलत मिळत नाही, कारण हे सगळं दुरुस्त होऊ शकतं. म्हणजे ज्या रिव्हॉल्व्हरबद्दल ‘हे पुन्हा चालू करता येईल’ असं मिस्त्री सांगतो, ते रिव्हॉल्व्हर कायद्याच्या दृष्टीने आजही शस्त्रच. शिवाय कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हा धंदा लायसन्सवाल्याचाच आहे. गावातला लेथवाला कितीही हुशार असू दे, त्याच्याकडे नेलंत तर तोही अडकेल आणि तुम्हीही.

यूट्यूबवर गंजलेली रिव्हॉल्व्हर नवी करून दाखवणारे परदेशी व्हिडिओ लाखोंनी पाहिले जातात. मीही पाहतो, बघायला छान वाटतात. पण तो कायदा त्यांचा, हा आपला.

ओळखायचं कसं?

आपल्याकडच्या जुन्या घरांतून निघणारी ब्रिटिश रिव्हॉल्व्हर साधारण दोन घराण्यांतली असू शकतात. एक बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं. त्याचं १९१५ चं मार्क सहा हे .४५५ बोअरचं मॉडेल पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं. दुसरं एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचं नंबर दोन, १९३२ पासूनचं, .३८ बोअरचं. दोन्हींची ओळख सोपी : गोळ्या भरायला चक्री बाजूला सरकत नाही, सगळं रिव्हॉल्व्हर मधोमध वाकून उघडतं. एनफिल्डवर राजमुकुट, कारखान्याचं नाव आणि साल ठोकलेलं असतं. वेब्लीवर कंपनीचं नाव आणि मार्क सापडतो.

स्पेलिंग चुकलेलं दिसलं, एखादं इंग्रजी अक्षर उलटं ठोकलेलं दिसलं, तर ती सरहद्द प्रांताकडच्या कारागिरांनी हाताने केलेली नक्कल असू शकते. इंग्रजी न वाचता अक्षरांचा आकार पाहून ठोकणाऱ्याच्या हातून असं होणारच.

बोअरचा मुद्दा फक्त हौशी लोकांसाठी नाही. .४५५ किंवा ब्रिटिश .३८ ची लष्करी काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हर आपल्याकडे ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये येतात; .३२ त्यात येत नाही. प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे. काकांच्या फोटोतलं एनफिल्ड होतं. मी लगेच फोन लावला.

ओळख पटवायची म्हणून उघडायला मात्र जाऊ नका. चक्रीत काडतूस अडकलेलं असू शकतं. जुना दारूगोळा काय करू शकतो, हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. पुलगावच्या दारूगोळा भांडारात मे २०१६ मध्ये लागलेल्या आगीत अधिकारी आणि अग्निशमनचे जवान गेले. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावजवळ कालबाह्य दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि ६ जण गेले. दोन्ही ठिकाणी तर प्रशिक्षित माणसं आणि व्यवस्था होती. बाहेरून, टॉर्चच्या उजेडात जेवढं वाचता येईल तेवढंच वाचा.

नंबर एवढा महत्त्वाचा का?

१७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती आपल्या खेडच्या राजगुरूंनी. त्यानंतर भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचं ते .३२ चं कोल्ट पिस्तूल खटल्यानंतर सरकारी कोठारांतून फिरत फिरत इंदूरच्या बीएसएफ संग्रहालयात पोहोचलं आणि तिथे इतर हत्यारांमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलं. गंज लागू नये म्हणून त्याच्यावर काळा रंग दिलेला होता. पत्रकार जुपिंदरजित सिंग यांनी खटल्याच्या कागदांतून नंबर काढला, पिस्तुलाचा माग घेतला. २०१६ च्या सुमारास रंग खरवडला, तेव्हा खाली नंबर निघाला : १६८८९६. कागदावरचा आणि पोलादावरचा नंबर जुळला. आता ते पिस्तूल हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे.

समजा, कुणी ते ‘नवं करू’ म्हणून ग्राइंडरवर धरलं असतं तर? कोल्टने तशी पिस्तुलं लाखोंनी बनवली. नंबर गेला असता तर ते त्यातलंच एक उरलं असतं.

कायदाही नंबरबद्दल कडक आहे. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरची ओळखखूण पुसणं किंवा बदलणं गुन्हा आहे, आणि ज्याच्याकडे असं शस्त्र सापडतं त्यानेच ते केलं असं धरून चालतात. ‘साहेब, गंज काढत होतो’ हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं. नंबर ठोकताना खालचं पोलाद दबतं, म्हणून वरून घासून टाकला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून तो अनेकदा पुन्हा वाचता येतो.

आणि चमकेचं म्हणाल, तर जुन्या रिव्हॉल्व्हरचा काळानिळा रंग हा वरून दिलेला रंग नसतोच. तो पोलादावर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो. संडास साफ करायचं ॲसिड गंजाबरोबर तो थरही खातं. संग्रहालयवाले म्हणूनच तेल, मऊ कापड आणि मेणाच्या पलीकडे सहसा जात नाहीत. नव्याने चमकवलेल्या तुकड्यापेक्षा डागाळलेल्या मूळ तुकड्याला जाणकार संग्राहक जास्त किंमत देतात, ती याचसाठी.

मग वारसाने करायचं काय?

लायसन्सधारक हयात असतील तर उशीर करू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्सधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्राला २५ वर्षं झाली, की त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावे लायसन्ससाठी अर्ज करता येतो. मृत्यूनंतर वारसालाही अर्जाची मुभा आहे. पण तोवर शस्त्र घरात ठेवायचं नाही, जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या विक्रेत्याकडे जमा करायचं. आणि २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रं, वारशाची धरून.

माझी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. लोक भीत भीत शस्त्र जमा करतात, आणि तिथून त्या वस्तूचा इतिहास संपतो. मालखान्यात ती पडून राहते, कधीतरी मोडीत निघते. जमा करताना नंबर, खुणा आणि चार फोटो नोंदवले, आणि मोडीत काढण्याआधी ती यादी नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयाला दाखवली, तर याला खर्च किती येईल? १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहेच. मोबाइलवर सातबारा काढून देणाऱ्या सरकारला एवढं जमू नये, हे पटत नाही. उलट असं झालं तर पेट्यांमध्ये लपवून ठेवलेली शस्त्रं लोक आपणहून बाहेर काढतील. शिक्षेच्या भीतीने ती विहिरीत जातात, हे गावाकडच्या कुणालाही विचारा.

काकांनी वकिलाला सोबत घेतलं आणि रिव्हॉल्व्हर जमा केलं. आजोबांच्या पुस्तकावर शेवटचा नूतनीकरणाचा शिक्का १९८७ चा होता, त्यामुळे प्रश्न बरेच विचारले गेले. संध्याकाळी त्यांनी पावतीचा फोटो पाठवला. त्यावर लिहिलं होतं, ‘जुने गंजलेले रिव्हॉल्व्हर, नग एक.’ नंबर नव्हता. मी म्हटलं, काका, उद्या परत जा. ते गेले. दोन तास बसले. पावतीवर पेनाने नंबर आणि साल लिहून, त्यावर सही घेऊनच उठले. फ्रेम आता त्या पावतीची आणि आजोबांच्या पुस्तकाची झाली आहे.