क्रूझर सजवण्याआधी चेन तपासा!
क्रूझर बाईक घेतली की क्रॅशगार्ड, सीट, सायलेन्सरवर हजारो रुपये खर्च होतात. चेनकडे मात्र सर्व्हिसिंगपर्यंत कुणी पाहत नाही. हा हिशेबच चुकीचा आहे. दोन सर्व्हिसिंगमध्ये हजारो किलोमीटर जातात, तर चेनला साधारण दर 500 किलोमीटरला सफाई आणि वंगण लागते. ढिली चेन स्प्रॉकेटवरून उतरून मागचे चाक जाम करू शकते. ती फार घट्ट करणेही घातकच. मागे माणूस बसला, सामान लादले की चेन आणखी ताणते आणि बेअरिंगवर भार येतो. म्हणून मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढीच ढिलाई ठेवावी. टायरमधली हवाही लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असतानाच तपासावी. सजावट थांबू शकते, ही कामे नाहीत.