उदबत्तीतला ऊद आणि चर्चची चाल

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मोबाइलवर एक अल्बम पाठवला. फक्त एक क्लासिकल गिटार; काही ख्रिस्ती स्तोत्रे, काही युरोपच्या प्रबोधनकाळातले ल्यूटसंगीत. पेपर तपासताना लावला होता. शेजारचे चाचा ऐकत बसले आणि म्हणाले, "सर, छान वाटतंय. पण हे चर्चचं ना? त्यात बाजा. मुलं तुमच्याकडे बघून शिकतात."

चाचांच्या बोलण्यात दोन हरकती आहेत. त्या वेगवेगळ्या करून पाहू.

पहिली, हे 'त्यांचे' आहे. ल्यूट हे नाव अरबी 'अल-ऊद'वरून आले. ऊद म्हणजे लाकूड. आपल्या उदबत्तीतला ऊदही तोच. मुसलमानांच्या स्पेनमधून हे वाद्य युरोपात पसरले. तिथे त्याला पडदे बांधले गेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वादकांनी मिजराब सोडून बोटांनी छेडायला सुरुवात केली, म्हणून एकाच वाद्यावर दोन-तीन सुरावटी एकदम चालू लागल्या. जॉन डाउलंड (१५६३–१६२६) यांचे ल्यूटसंगीत आज गिटारवर वाजवताना वादक अनेकदा तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवतात, मग जुळणी ल्यूटसारखी होते. ज्या वाद्याच्या नावातच आपली अरबी आहे, ते पूर्ण परके कसे?

दुसरी हरकत बाजाची. ती मी हसण्यावारी नेत नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअला जागा दिली, पण तारवाद्ये मना केली. उलट विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने दक्खनीत 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह लिहिला. त्यात सरस्वतीही आहे आणि ख्वाजा गेसूदराजही.

आणि हा वाद फक्त आपल्याच घरातला नाही. जिनिव्हात कॅल्व्हिनने उपासनेतून वाद्ये काढली. स्तोत्रे नुसत्या गळ्याने म्हणायची. १५५१ च्या तिथल्या स्तोत्रसंग्रहातली एक चाल पुढे 'ओल्ड हंड्रेड' म्हणून जगभर गेली आणि आज ती बिनदिक्कत वाद्यांवर वाजते. मार्टिन ल्यूथर मात्र स्वतः ल्यूट वाजवत. एकाच धर्मसुधारणेतली ही दोन माणसे.

माझे मत सरळ आहे. आपल्या दीनची शिस्त म्हणून कुणी बाजा ऐकत नसेल, तर मला त्याचा आदर आहे. त्याच्यासमोर मी आवाज बंद करीन. पण 'दुसऱ्या धर्माचे आहे' म्हणून कान झाकणे ही शिस्त नव्हे, ती भीती आहे. ऐकल्याने अकीदा बदलत नाही. आपल्या मिलादमधली नात शेजाऱ्याने कौतुकाने ऐकावी असे आपल्याला वाटते, तर त्याचे स्तोत्र ऐकण्याइतके मन आपणही मोठे ठेवायला हवे.

त्या दिवशी चाचांसाठी मी अल्बम बंद केला. चहा पिताना त्यांनीच विचारले, "सर, ते उदबत्तीचं खरं का?"