आजाऱ्याचं वेगळं पातेलं

मराठवाड्यात बिनतिखटाचं कालवण म्हणजे आजाऱ्याचं कालवण. घरादाराला लालभडक रस्सा, आणि शेगडीच्या कडेला छोट्या पातेल्यात एकासाठी काहीतरी फिकं. ज्याच्यासाठी ते शिजतं, त्याला पहिल्या घासाआधीच कळतं की आपण पंगतीतून उठलोय. आमच्या वहिनींना आमवात झाला. सकाळी बोटं मिटेनात, वेणी घालता येईना. डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवून आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांनी ‘ऑटोइम्यून प्रोटोकॉल’ हा आहार सुरू केला, आणि तेव्हापासून या वेगळ्या पातेल्याचा मला मनापासून राग आहे.

आहार कडक आहे. पहिल्या टप्प्यात धान्य, डाळी, दूध, अंडी, साखर बंद. मिरची, टोमॅटो, वांगं, बटाटा बंद. बिया म्हणून तीळ, जिरं, मोहरी बंद. कोथिंबिरीचं पान चालतं, धना चालत नाही. परभणीकराच्या ताटात मग राहिलं काय? भाकरी गेली. आपल्या कृषी विद्यापीठातून २०१८ मध्ये आलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारीसुद्धा गेली. करडईचं तेल गेलं. उपवासाचं ताटही अर्धंच उरतं: भगर, शेंगदाणे बाद, रताळं आणि साबुदाणा चालतो.

एवढं सोसून उपयोग किती? अमेरिकेत आतड्याच्या दाहाच्या १५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११ जणांची लक्षणं सहा आठवड्यांत शमली. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात हाशिमोटो आजाराच्या महिलांना बरं वाटलं, पण थायरॉइडच्या कामात लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास छोटे, तुलनेला दुसरा गट नाही. म्हणून या आहारावर विसंबून कुणी औषध सोडू नये, हे मी भेटेल त्याला सांगते.

बुलगोगी मला आवडली ती यासाठी, की या कोरियन पदार्थात मुळातच मिरची लागत नाही. पातळ कापलेलं मांस सोया सॉस, साखर, तिळाचं तेल, लसूण, कांदा आणि किसलेल्या नासपतीत मुरवायचं आणि कडक आचेवर भाजायचं. पथ्यासाठी तिखट काढून टाकलं असं इथे होत नाही, त्यामुळे वहिनींसाठी वेगळं काही करावं लागत नाही. सगळ्यांना एकाच तव्यावरचं.

मांस म्हशीचं. गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला राज्यात बंदी आहे, म्हशीचं मांस कायद्याने चालतं. ज्या घरात ते शिजत नाही तिथे मटण घ्यावं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचलेल्यांना मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांत मांस किती जाणतेपणाने रांधलं आणि वाळवलं गेलंय ते माहीत असेल. हे ज्ञान आपल्याकडच्या पाककृतींच्या पुस्तकांत फार उशिरा आलं, याची खंत वाटते.

अर्धा किलो मांडीचं बिनहाडाचं मांस तासभर फ्रीजरमध्ये ठेवावं. किंचित कडक झालं की धाग्यांना आडवं, कागदासारखं पातळ कापता येतं. म्हशीचं मांस चिवट, त्यासाठी नासपतीबरोबर चमचाभर कच्च्या पपईचा गर घालावा. कबाब करणाऱ्यांना हे जुनंच ठाऊक आहे. पण तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये, मांसाचा लगदा होतो. खरी अडचण सोया सॉसची, कारण त्यात सोयाबीनही आलं आणि गहूही. त्याच्याऐवजी नारळाच्या फुलोऱ्याच्या रसाचं महागडं सॉस वापरतात. मी हाडांचं पाणी मीठ, दोन आमसुलं आणि खजूर घालून दाट, काळसर होईपर्यंत आटवते. ती खारट-आंबट-गोड चव मांसाला धरून राहते. त्यात ठेचलेला लसूण, आलं, भरपूर पातीचा कांदा. तेल खोबऱ्याचं, खायचं म्हणून विकतात ते. आपल्याकडे ते डोक्यालाच लावतात, तेव्हा बाटली बघून घ्यावी.

लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवावा आणि मांस थोडं थोडं टाकावं. एकदम ओतलं तर पाणी सुटतं, मग ते भाजत नाही, उकडतं. कोबीच्या कोवळ्या पानात गुंडाळून, मुळा आणि भाजलेल्या रताळ्याबरोबर खायचं. पोरांनी त्या दिवशी ठेचा मागितला नाही.

हा कडक टप्पा कायमचा नाही. काही आठवड्यांनी एकेक पदार्थ, मध्ये दिवस सोडून परत आणायचा आणि सांधे काय म्हणतात ते बघायचं. वहिनींनी यादीत पहिलं नाव ज्वारीचं लिहिलंय. आहारतज्ज्ञांचं म्हणणं, आधी अंड्याचा पिवळा बलक आणि तूप, धान्य नंतर. त्यावर दोघींचा वाद अजून चालू आहे.