वावरातलं नाणं अन् बाजारातली नक्कल

नांगरटीत जुनं नाणं वर आलं की कास्तकार ते आधी राख-चिंचेनं घासतो. चकाकी येते, पण अक्षरं झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी नाणं तिथंच उतरतं.

शेजारच्या मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे १९३९ साली दीड हजारावर सातवाहन नाणी सापडली. धातू हलका, मोडीत कवडीमोल. पण वा. वि. मिराशींनी ती वाचली, अन् पुराणांच्या यादीत नसलेले राजे कळले. घासून टाकली असती तर?

उलट 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' आणि राम-सीता असलेलं नाणं लाखाचं म्हणून गावोगाव दाखवतात. कंपनीनं असं चलन कधी काढलंच नाही. तांदूळ ओढणारं नाणं हीही निव्वळ फसवणूक. जुन्या नाण्यांसाठी आपल्या नावानं कमिशन वा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं होतं.

खरं नाणं लोक लपवतात ते वावर जप्त होईल या धाकानं. १८७८ च्या निखात निधी कायद्यात तसं काही नाही. दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा. मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. वेगळा करार असेल तर त्याप्रमाणे. सरकारनं घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त. लपवला तर मात्र हिस्सा गेला, वर वर्षापर्यंत कैद. तलाठी-ग्रामसेवकांनी हे ग्रामसभेत वाचून दाखवायला काय हरकत आहे? नाणं न घासता कागदात गुंडाळा, गट नंबर लिहा आणि तहसील गाठा.