उंबरठा आणि पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. बांधाच्या तंट्यांनी आणि भाऊबंदकीने भरली घरे कशी धुळीला मिळतात, हे डोळ्यांनी पाहिलेल्या समाजाचे ते बोल आहेत. आज मात्र त्या पायरीवर बांधासाठी भांडणारे भाऊच उभे नाहीत. पोटच्या पोराचा हात धरून आलेली आई तिथे उभी आहे आणि एकाच लेकरासाठी समोरासमोर आलेले पतिपत्नीही आहेत. घराचा उंबरठा ओलांडून कुटुंबाचे दुःख पायरीवर येते, तेव्हा त्याचा न्याय कोणी करायचा, हा प्रश्न केवळ वकिलांचा राहत नाही. तो समाजाचा होतो.

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पोलीस, सामाजिक कार्यकर्ते, आईबाप, इतकेच नव्हे तर मूल स्वतःसुद्धा तिच्यासमोर येऊ शकते. निराधार सापडलेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत समितीसमोर हजर करावे लागते. याच समितीपुढे खेड्यातून आलेली एखादी माउली पंधरा वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणते, “साहेब, हे पोरगं आता माह्या हातचं नाही राह्यलं, तुमीच ठेवा त्याले.” शाळा सुटलेली, खर्रा तोंडात, रात्री-अपरात्री घराबाहेर आणि घरी आल्यावर आईवर हात उगारणे, अशी तिची कैफियत असते. त्या मुलाने कोणताही गुन्हा केलेला नसतो. तरीही आई त्याला सरकारच्या हवाली करायला निघालेली असते. या एका वाक्यात वऱ्हाडच्या कुटुंबजीवनाची किती पडझड सामावली आहे, याचा विचार आपण केला पाहिजे.

कायद्यानेही या प्रसंगाचा विचार वेळोवेळी केला आहे. मुंबई इलाख्यात १९२४ साली आणि मध्य प्रांतात १९२८ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदे झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या पत्रकार शीला बरसे यांनी तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९८६ साली बाल न्यायाचा देशव्यापी कायदा आला. त्या कायद्याच्या सतराव्या कलमात ‘अनावर’ बालकांची तरतूद होती. मूल आपल्याला आवरत नाही, अशी तक्रार आईबापांनी केली, तर चौकशी करून त्याला तीन आठवड्यांपर्यंत निरीक्षणगृहात ठेवता येत असे. २००० सालच्या कायद्यात हे कलम राहिले नाही.

पाश्चात्त्यांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. अमेरिकेत शिकागोमध्ये १८९९ साली पहिले बालन्यायालय स्थापन झाले. पुढे १९६२ साली न्यूयॉर्कने गुन्हेगार मुलांपासून वेगळा असा, देखरेखीची गरज असलेल्या मुलांचा वर्ग निर्माण केला. शाळा बुडवणारे, घरातून पळणारे, आईबापांचे न ऐकणारे मूल त्यात येई आणि पालक स्वतःच न्यायालयात अर्ज करीत. हेतू चांगला होता. परंतु कोणताही गुन्हा न केलेली मुले गुन्हेगारांच्या शेजारी कोंडली जाऊ लागली. अखेर १९७४ साली त्या देशाला केंद्रीय कायदा करून अशा मुलांना कोंडवाड्याबाहेर काढण्याचे धोरण स्वीकारावे लागले. ज्या समाजात आजी-आजोबा वृद्धाश्रमात आणि शेजारी अनोळखी, तिथे आईबापांना न्यायाधीशाखेरीज दुसरे कोण उरणार? त्या वाटेवर आपण किती पुढे गेलो आहोत, हे आता प्रामाणिकपणे तपासायला हवे.

आपल्या कायद्यातील एक बदल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मुलावर ‘नियंत्रण’ ठेवण्यास असमर्थ असलेले पालक, अशी २००० सालच्या कायद्याची भाषा होती. २०१५ च्या कायद्यात ‘नियंत्रण’ हा शब्द गेला आणि मुलाची काळजी व संरक्षण करण्यास असमर्थ असलेले पालक, अशी शब्दयोजना आली. म्हणजे मूल किती बिघडले, हे आधी पाहायचे नाही. घर कुठे खचले, हे पाहायचे. याच कायद्याने असेही मानले आहे की, मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. कुटुंब हाच समाजाचा पाया, असे म्हणणाऱ्यांनी या तत्त्वाचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो खचलेल्या घराला आधार कोणी द्यायचा, हा.

वऱ्हाडातील घरे का खचली, हे सांगण्यासाठी दूर जायला नको. गेली पंचवीस वर्षे अमरावती विभाग शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखला जातो. २००५ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला. २००६ साली पंतप्रधान येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. या सर्व गदारोळात मोजले गेले ते कर्ज, कापसाचा भाव आणि पात्र-अपात्र प्रकरणे. मागे राहिलेली लेकरे मोजली गेली नाहीत. बाप गेला की सातबाऱ्यावर अज्ञान मुलांची नावे ‘अ.पा.क. आई’ अशी चढतात. त्या दिवसापासून घरात दोन तट पडतात. सासरच्यांना जमीन घरातच हवी असते, विधवेला लेकरे जगवायची असतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या आठव्या कलमानुसार अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता येत नाही. हे संरक्षण योग्यच आहे. पण त्यासाठी तालुक्याला आणि जिल्ह्याला किती चकरा माराव्या लागतात, ते तिचे तिलाच ठाऊक! आणि ती चकरा मारत असताना तिचा वाढत्या वयाचा मुलगा कोणाच्या संगतीत असतो?

कौटिल्याने अर्थशास्त्रात यासाठी एक साधी व्यवस्था सांगितली आहे. अज्ञान मुलाचे धन तो वयात येईपर्यंत ग्रामवृद्धांनी वाढवावे. अनाथांना, आजाऱ्यांना आणि संकटात सापडलेल्यांना राजाने पोसावे. ऐपत असूनही जो मुलाबाळांना आणि आईबापांना पोसत नाही, त्याला दंड करावा. राजाचे काम, गावाचे काम आणि घराचे काम यांची अशी स्पष्ट विभागणी आपल्याकडे होती. आज गावातला तो मधला वृद्धच नाहीसा झाला आहे. घर फाटले की थेट राजाच्या दारात जावे लागते.

दुसरे दुःख मुलींच्या घरांचे आहे. सतरा वर्षांची मुलगी कोणा तरुणासोबत निघून जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशानंतर अल्पवयीन व्यक्ती हरवल्यास अपहरणाचा गुन्हा नोंदवला जातो. वडील नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करतात. मुलगी सापडते, समितीपुढे येते आणि घरी जायला नकार देते. अठरा वर्षांखालील संमती कायदा मानत नाही, म्हणून तरुण तुरुंगात जातो आणि मुलगी बालगृहात. कायदा आपले काम करतो आणि ते त्याने केलेच पाहिजे. अल्पवयीन मुलींना फसवणाऱ्यांची गय होता कामा नये. परंतु त्या मुलीला घरात मन मोकळे करायला एकही माणूस का सापडले नाही, हे कोणतेही न्यायालय विचारणार नाही. ते आपणच आपल्याला विचारायचे आहे. पळून जाईल या धास्तीने सोळाव्या वर्षीच लेकीचे हात पिवळे करणारे आईबापही वऱ्हाडात आहेत. बालविवाहाचा धोका असलेली मुलगी ही कायद्याच्या दृष्टीने संरक्षणाची गरज असलेली बालकच असते, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

तिसरे चित्र कौटुंबिक न्यायालयाचे आहे. १९८४ च्या कायद्याने या न्यायालयांवर समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले, समुपदेशकांची सोय केली आणि वकिलाला हक्क म्हणून स्थान दिले नाही. भांडण मिटावे, हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात मुलाच्या ताब्याचा अर्ज हे पोटगीच्या वादातले हत्यार बनते. मुलाचे हित सर्वोपरि, असे १९५६ च्या कायद्याचे तेरावे कलम सांगते. पण दोन वकिलांच्या मध्ये बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ते हित कुठे दिसते?

या सगळ्यावर दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो की, कुटुंबव्यवस्थाच जाचक आहे, तेव्हा शासनाने घरात शिरावे. दुसरा म्हणतो की, घरातल्या गोष्टीत कायद्याने पडूच नये. आम्हाला दोन्ही उत्तरे अमान्य आहेत. पहिल्याला हे दिसत नाही की, सर्वांत चांगल्या बालगृहातही रात्री ताप आल्यावर कपाळावर ठेवलेला आईचा हात नसतो. दुसऱ्याला हे दिसत नाही की, काही घरांत तोच हात लेकराला मारण्यासाठी उठतो. अशा वेळी कायदा हाच त्याचा आईबाप असतो. संस्कृतीचे गोडवे गाऊन हे सत्य झाकता येणार नाही. ‘आमची कुटुंबव्यवस्था महान’ असे म्हणणाऱ्या समाजाने शेजारच्या विधवेच्या मुलासाठी काय केले, याचा हिशेब दिला पाहिजे.

सुदैवाने असा हिशेब देणारी माणसे याच मातीत झाली. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य झिजवले. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गाव हेच कुटुंब, हा विचार दिला. अचलपूर तालुक्यातील वज्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या, दिव्यांग अशा १२३ मुलामुलींना बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी मात्र जुनीच आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच मतिमंद, बेवारस मुलाने बालगृह सोडावे, हा नियम बदला. कायद्यात अनुरक्षण सेवेची सोय एकवीस वर्षांपर्यंत आहे. पण ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याने एकविसाव्या वर्षी कुठे जावे? इकडे यमगरवाडीत गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा उभी केली. इंग्रजांनी १८७१ साली ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्या लेकरांना पोलीसठाण्याऐवजी शाळेची वाट मिळाली. यांतल्या कोणीही न्यायालयाची वाट पाहिली नाही.

म्हणून शासनाकडे आणि समाजाकडे आमचे मागणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली संपूर्णा बेहुरा प्रकरणात बालकल्याण समित्यांच्या रिकाम्या जागा भरण्यास सांगितले. सदस्यांची मुदत तीन वर्षांचीच असते, तेव्हा ती संपण्याआधी नव्या नेमणुका झाल्या पाहिजेत. समित्यांच्या कामाचा त्रैमासिक आढावा जिल्हाधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो, तो कागदावर राहू नये. बालसंगोपन योजनेचे मासिक अनुदान २०२३ साली १,१०० वरून २,२५० रुपये झाले. त्याचा अर्ज भरण्यासाठी विधवेला चकरा माराव्या लागू नयेत. वज्झरच्या मागणीचा कायद्यात विचार व्हावा.

समाजाचे काम याहून मोठे आहे. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान आहे. हे प्रबोधन केवळ सुखी कुटुंबांच्या स्नेहभोजनापुरते राहू नये. ज्या घरात जेवायला एकत्र बसण्याजोगे काही उरलेले नाही, तिथे आधी गेले पाहिजे. निवृत्त शिक्षकांनी आणि जाणत्या भगिनींनी समितीच्या सदस्यत्वासाठी अर्ज करावेत. ज्यांच्या घरात जागा आणि मनात माया आहे, त्यांनी कायद्याने दिलेल्या प्रतिपालकत्वाचा विचार करावा. गावातल्या प्रत्येक ‘अ.पा.क.’ नावामागे एक ग्रामवृद्ध उभा राहावा.

न्यायालयाची पायरी राहणारच आणि ती असलीही पाहिजे. परंतु घराचा उंबरठा आणि न्यायालयाची पायरी यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यात समाज उभा असायला हवा. ‘हे पोरगं तुमीच ठेवा’ म्हणणाऱ्या त्या माउलीला वाटेत थांबवून, ‘ताई, आधी आमच्या घरी चल’ असे म्हणणारा एक माणूस प्रत्येक गावात निघाला, तरी अर्ध्या याचिका लिहिल्याच जाणार नाहीत.