विश्लेषण : थकीत पीककर्जाचे करायचे काय? पुनर्गठन, तडजोड की कर्जमाफीची वाट?

ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत उभे सोयाबीन पाण्यात गेले. मुखेड तालुक्यात ऑगस्टच्या मध्यालाच गावे पाण्याखाली गेली, तर सप्टेंबरमध्ये मांजरा, तेरणाकाठची शेते खरवडून निघाली. पीक गेले तरी कर्जाची मुदत थांबत नाही. बँक, सोसायटी, बचत गटाचे कर्ज आणि सावकार असे तिघे-चौघे एकाच वेळी दारात असतात, तेव्हा शेतकऱ्यासमोर कायदेशीर मार्ग कोणते आणि त्यातला कोणता कोणाला परवडतो, याचा हा आढावा.

पीककर्ज थकीत कधी ठरते?

मुदतीत फेडलेले ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की ही सवलत जाते आणि बँकेचा पूर्ण दर लागतो. सोयाबीन, मूग, उडीद अशा कमी कालावधीच्या पिकांचे कर्ज दोन पीक हंगाम थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे ‘एनपीए’ होते. त्यानंतर नवे कर्ज मिळत नाही. त्यामुळे खाते थकण्याआधी आणि थकल्यानंतर उपलब्ध असलेले मार्ग वेगवेगळे आहेत.

पुनर्गठन म्हणजे नेमके काय?

नैसर्गिक आपत्तीत अल्पमुदतीचे पीककर्ज मध्यम मुदतीच्या कर्जात बदलून हप्ते पाडून देणे म्हणजे पुनर्गठन. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांतील चौकटीनुसार पीकहानी किमान ३३ टक्के असावी लागते. हानी ३३ ते ५० टक्के असेल तर परतफेडीला दोन वर्षांपर्यंत आणि ५० टक्के वा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत देता येते. दोन्हींत पहिले वर्ष हप्त्याविना असते. खाते नियमित समजले जाते आणि पुढच्या हंगामासाठी नवे पीककर्जही मिळू शकते.

अट एकच, पण मोठी. आपत्तीच्या दिवशी जे कर्ज आधीच थकीत होते, ते या सवलतीत बसत नाही. शिवाय पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे. व्याज चालूच राहते आणि पहिल्या वर्षानंतर सर्वसाधारण दर लागू होऊ शकतो. राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर केलेल्या ३१ हजार ६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये सहकारी कर्जांचे पुनर्गठन आणि शेतीकर्जाच्या वसुलीला वर्षभराची स्थगिती यांचा समावेश होता. स्थगितीने वसुली थांबते, कर्ज कमी होत नाही.

एकरकमी तडजोड कोणाच्या फायद्याची?

खाते एनपीए झाल्यावर बँक ‘ओटीएस’, म्हणजे एकरकमी परतफेडीची तडजोड देऊ करते. ठरलेली रक्कम भरली की उरलेले सोडून दिले जाते. मात्र हा कर्जदाराचा हक्क नाही. अशी तडजोड बँकेवर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तडजोडीनंतर पतअहवालात खाते ‘सेटल्ड’ दिसते. पुन्हा कर्ज कधी द्यायचे, हे शेतीकर्जाच्या बाबतीत त्या-त्या बँकेचे धोरण ठरवते.

पैसे कोठून आणायचे, हा खरा प्रश्न आहे. समजा, थकबाकी १ लाख ६० हजार आहे आणि बँक ६० टक्क्यांवर, म्हणजे ९६ हजारांवर तयार झाली. सूट मिळाली ६४ हजारांची. हे ९६ हजार सावकाराकडून महिना शेकडा तीनने आणले, तर वर्षाचे व्याज ३४ हजार ५६० रुपये होते. दोन वर्षांत ते ६९ हजार १२० वर जाते, म्हणजे सूट संपून वर पाच हजार जातात. मुद्दल तसेच राहते. घरचा पैसा, जनावर वा प्लॉट विकून आलेली रक्कम किंवा नातेवाइकांची बिनव्याजी मदत असेल, तरच तडजोड फायद्याची ठरते. ‘नवे-जुने’ करण्यासाठी चार दिवसांचा हातउसना घेतानाही हाच धोका असतो. बँकेने नवे कर्ज लांबवले की चार दिवसांचे चार महिने होतात.

कर्जमाफीची वाट पाहावी का?

नागपूरच्या शेतकरी आंदोलनानंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे ३० ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर केले. त्यामुळे अनेकांचा कल न भरण्याकडे झुकला. मागच्या योजनांच्या अटी मात्र बोलक्या आहेत. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा होती आणि त्यावरची रक्कम आधी शेतकऱ्याने भरायची होती. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत मुद्दल आणि व्याज मिळून २ लाखांपर्यंतची खातीच पात्र होती. थकीत खात्यावर व्याज चढत राहते आणि १ लाख ८० हजारांचे कर्ज वाट पाहण्यातच मर्यादेबाहेर जाऊ शकते.

दुसरी बाब म्हणजे २०१९ च्या योजनेत पुनर्गठित कर्जेही पात्र होती. म्हणजे पुनर्गठन केले की माफी हुकते, हा गावोगावचा समज त्या वेळी तरी खरा नव्हता. तडजोड करून बंद केलेल्या खात्यावर मात्र थकबाकीच उरत नाही.

जमिनीचा लिलाव होऊ शकतो का?

व्यापारी बँका थेट जप्तीसाठी वापरतात तो २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. त्यांना न्यायालयातच जावे लागते. सहकारी संस्थांचे वेगळे आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळाला की जप्ती आणि लिलावापर्यंत जाता येते. म्हणून सोसायटीची नोटीस दुर्लक्षित करणे अधिक महाग पडते. नोटिशीला लेखी उत्तर देऊन थकबाकीचा हिशेब मागणे, ही पहिली पायरी.

लोकअदालत हा दोन्हींच्या मधला मार्ग आहे. नांदेड आणि लातूर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे दाव्याआधीही प्रकरण नेता येते. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे न झेपणारा हप्ता कबूल करून सही केली, तर तीच सही पुढे वसुलीचा आधार ठरते.

सावकार आणि मायक्रोफायनान्सचे काय?

२०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सावकारीत लिहून दिलेली जमीन १५ वर्षांच्या आत परत मागण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

मायक्रोफायनान्सच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर येऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. संस्थेने तक्रारीवर ३० दिवसांत समाधान केले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

दिवाळखोरीचा मार्ग आहे का?

अनेक देशांत कर्जबाजारी व्यक्तीला न्यायालयामार्फत नव्याने सुरुवात करता येते. भारताच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही तशी तरतूद आहे, पण ३५ हजारांपर्यंतचे कर्ज आणि ६० हजारांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न अशा तिच्या अटी आहेत. मुळात व्यक्तींसाठीचा हा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपलीकडे लागूच झालेला नाही. म्हणजे या संहितेखाली सगळी देणी एकत्र मांडून एकाच ठिकाणी सोडवण्याची सोय शेतकऱ्याला नाही. व्यवहारात प्रत्येक धनकोशी वेगळेच बोलावे लागते.

मग क्रम कसा लावावा?

आपत्तीपूर्वी खाते नियमित असेल तर पुनर्गठनाचा अर्ज पहिला, कारण त्याने नवे कर्ज आणि पत दोन्ही वाचतात. खाते जुने थकीत असेल आणि हाती स्वतःचा पैसा असेल तर तडजोड. पैसा नसेल तर लोकअदालतीत झेपतील एवढे हप्ते. सर्वात महाग देणे सावकाराचे, म्हणून बँक फेडण्यासाठी सावकार हा क्रम उलटा आहे.

कोणताही मार्ग निवडला तरी तीन कागद हातात हवेत. मंजुरीचे पत्र, पैसे भरल्याची पावती आणि बेबाकी दाखला. तो दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोजा उतरवून घेईपर्यंत कर्ज कागदावर जिवंतच राहते.